वाचकांचे प्रश्न: लांबच्या प्रवासाहून ट्रेलर घरी आल्यावर

अमेरिकेत लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, उलटला की ट्रेलरवाल्यांच्या, म्हणजे गाडीमागे चाकांवरचं घर ओढत फिरणाऱ्यांच्या, पत्रांचा सूर बदलतो. वसंतात ‘कोणता घेऊ’, ‘कुठे जाऊ’ असं विचारणारे आता ‘घरी आणला, पुढे काय’ असं विचारतात. या वेळी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परतलेल्यांची पत्रं जास्त आहेत, म्हणून सगळं सदर त्यांनाच देत आहोत.

प्रश्न: सात हजार मैलांचा प्रवास करून परत आलो. सगळे दमलेले असतात. ट्रेलर लावून कुलूप घालावं आणि पुढच्या शनिवारी सावकाश बघावं, तर काय बिघडेल?

बऱ्याचशा गोष्टींचं काही बिघडणार नाही. चादरी आणि भांडी आठवडाभर थांबू शकतात. चार कामं मात्र त्याच दिवशी करा: गॅसच्या सिलिंडरची झडप बंद करणं, खाण्याचं सगळं बाहेर काढणं, फ्रिज रिकामा करून दार फटीपुरतं उघडं ठेवणं आणि बॅटरी एकतर चार्जिंगला लावणं किंवा तिची ऋण तार सोडवणं. फ्रिज बंद करून दार लावून ठेवलंत तर चार दिवसांत आत बुरशी धरते, आणि तो वास दाराच्या रबरात मुरला की निघता निघत नाही.

पाचवं काम कागदावरचं आहे आणि तेच लोक टाळतात. ट्रेलर हलवायच्या आधी, प्रवास डोक्यात ताजा असताना, त्रासाच्या सगळ्या गोष्टी लिहून काढा. डावीकडचा इंडिकेटर पावसात बंद पडत होता, ब्रेक लावताना गाडी उजवीकडे ओढत होती, पलंगाखालची फळी एका सकाळी ओलसर लागली, पंप कुणी नळ उघडला नसताना मधूनच घुरघुरायचा. यातली प्रत्येक ओळ एका बिघाडाकडे बोट दाखवते. पंप आपोआप चालू होतो म्हणजे कुठेतरी दाब उतरतो आहे: गळका जोड असेल किंवा पंपाचीच झडप पाणी मागे सोडत असेल. सहा महिन्यांनी यातलं निम्मंही आठवत नाही, आणि मधल्या काळात ओल आपलं काम करतच राहते.

अजून घरी पोचला नसाल तर शेवटच्या पेट्रोल थांब्यावर आणखी एक तपासणी जमते. थांबल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकांच्या हबचं, म्हणजे मधल्या भागाचं, तापमान घ्या. उन्हाकडची बाजू थोडी जास्त तापलेली असतेच. पण एकच हब बाकीच्यांपेक्षा ४०-५० अंश फॅरनहाइटने जास्त गरम असेल, तर तिथलं बेअरिंग तरी घट्ट झालंय किंवा ब्रेक तरी घासतोय. चारही हब सारखेच कोमट असतील तर ठीक. एकच हब पूर्ण थंड असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही, असा संशय घ्यावा.

प्रश्न: घराच्या सांडपाण्याच्या पाइपला झाकण आहे. टाक्या तिथेच रिकाम्या केल्या तर चालेल का?

काही गावांत चालतं, काही ठिकाणी सक्त मनाई असते. आधी नगरपालिकेच्या कचेरीत विचारा. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात मात्र कधीही सोडू नका. ते पाणी बहुतेक ठिकाणी कसलीही प्रक्रिया न होता ओढ्यात जातं. घराला सेप्टिक टाकी असेल तर ट्रेलरमध्ये फॉर्माल्डिहाइडचं औषध वापरलेलं नाही ना, याची खात्री करा. ते औषध दुर्गंधी करणाऱ्या जिवाणूंसोबत सेप्टिक टाकीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं.

शक्य असेल तर हे काम शेवटच्या मुक्कामावरच उरका. आधी शौचालयाची टाकी, मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची. दुसरीचं साबणाचं पाणी मागाहून येतं, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. शौचालयाची टाकी निदान दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नये. पाण्याला जोर नसेल तर घट्ट मळ तळाशीच बसून राहतो. मुक्कामात नळी जोडून झडप सतत उघडी ठेवणाऱ्यांकडे हेच होतं: पाणी वाहून जातं, मळ ढिगासारखा वाळतो, आणि टाकी रिकामी असूनही दर्शक ‘भरलेली’ दाखवत राहतो.

असा ढीग झालाच असेल तर टाकी पाण्याने जवळजवळ भरा, औषधाची दुप्पट मात्रा घाला आणि दोन दिवस मुरू द्या. मग पुन्हा सोडा. गरज पडली तर दोन-तीनदा. बर्फाचे खडे टाकून गाडी हिंदकळवायचा उपाय फार लोकप्रिय आहे, पण बर्फ पाण्यावर तरंगतो आणि ढीग तळाशी असतो. आपला त्यावर विश्वास नाही.

साठवणीआधी दोन्ही टाक्या धुऊन रिकाम्या करा आणि शौचालयाच्या भांड्यात थोडं पाणी राहू द्या. ते आटलं की रबरी सील सुकतं आणि टाकीचा वास थेट खोलीत येतो. थंड भागात हे पाणी गोठून सील फाटतं, तिथे काय करायचं ते खाली हिवाळ्याच्या प्रश्नात आहे.

प्रश्न: ट्रेलरचे टायर तीन वर्षांचे आहेत आणि नक्षी भरपूर शिल्लक आहे. पण एका टायरची आतली कड गुळगुळीत झाली आहे. बदलायला हवा का?

टायर बदला, पण आधी कारण शोधा. नाहीतर नवाही तसाच झिजेल. फक्त मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होतं. एकच कड झिजली असेल तर चाक सरळ उभं नाही: अ‍ॅक्सल वाकला आहे, किंवा स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आणि बुश झिजून अ‍ॅक्सल तिरका झाला आहे. तुमच्या बाबतीत आतली कड गेली आहे, म्हणजे चाकाचा माथा आत झुकला असावा. जादा वजनाखाली अ‍ॅक्सल मधोमध खाली वाकला की नेमकं हेच होतं.

खाली वाकून शॅकलची, म्हणजे स्प्रिंगची टोकं चौकटीला टांगणाऱ्या पट्ट्यांची, भोकं बघा. स्वस्त बांधणीच्या ट्रेलरांत बोल्टवर प्लास्टिकचे बुश, म्हणजे नळकांडीसारखी अस्तरं, असतात. ते काही हजार मैलांत झिजतात, मग लोखंडावर लोखंड घासून गोल भोक लांबट होतं. बुश बदलायला घेतलेच आहेत तर पितळेसारख्या ब्राँझचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट एकदाच बसवून घ्या. काम तेच, फक्त सामान थोडं महाग.

टायरचं वय नक्षीवरून ठरवू नका. बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’पासून सुरू होणाऱ्या खुणेचे शेवटचे चार अंक बघा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण खूण टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे ती आतल्या बाजूलाही गेलेली असू शकते. ट्रेलरचे टायर वर्षातले बरेच महिने एकाच जागी उभे राहून म्हातारे होतात, म्हणून पाच-सहा वर्षांनी नक्षी कितीही शिल्लक असली तरी ते काढतात. हवा थंड टायरमध्ये मोजा आणि ट्रेलरवरच्या पट्टीवर दिलेला आकडा पाळा. बहुतेक ठिकाणी तो टायरच्या कमाल दाबाइतकाच असतो, वजन पेलण्याच्या वर्गवारीत (लोड रेंज) डीला ६५ आणि ईला ८० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). गाडी जरा मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवण्याची सवय ट्रेलरला मानवत नाही. कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो. महामार्गाच्या कडेला दिसणाऱ्या रबराच्या चिंध्यांत असे टायर बरेच असतात.

प्रश्न: वजन जास्त आहे की नाही, हे घरी कसं कळणार?

घरी नाही कळणार. ट्रक थांब्यावरच्या काट्यावर कळेल, आणि सामान उतरवायच्या आधीच जायला हवं. प्रवासात खरोखर जे नेलं तेच वजन उपयोगाचं असतं. मोकळ्या ट्रेलरचं वजन कागदावर असतंच.

दोन वजनं घ्या. पहिलं ट्रेलर जोडून, पण भार वाटणाऱ्या हिचच्या, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडणीच्या, पट्ट्या सोडवून. दुसरं एकट्या गाडीचं, तेवढ्याच माणसांसह आणि तेवढ्याच पेट्रोलवर. समजा, एकटी गाडी ५,९०० पाउंड भरली. ट्रेलर जोडल्यावर गाडीच्या चाकांवर ६,७५० आणि ट्रेलरच्या चाकांवर ५,६५० आले. गाडीवर वाढलेले ८५० पाउंड म्हणजे जिभेचं, ट्रेलरच्या पुढच्या जोडणीच्या दांड्याचं, वजन. ट्रेलरचं एकूण वजन ५,६५० अधिक ८५०, म्हणजे ६,५००. जिभेचा वाटा १३ टक्के. तो १० ते १५ टक्क्यांत असावा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो.

एकूण वजनाचा आकडा ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढे लावलेल्या पट्टीवरच्या कमाल वजनाशी ताडून बघा. मग अ‍ॅक्सलवरचं वजनही वेगळं ताडा. एकूण मर्यादेत असूनही अ‍ॅक्सल जादा भरलेला सापडतो, कारण जड सामान बरोबर त्याच्यावर आलेलं असतं. पाण्याचं वजन विसरू नका: ४० गॅलनची भरलेली टाकी म्हणजे सुमारे ३३० पाउंड, आणि ती अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर जिभेचं वजन उचलून धरते.

प्रश्न: बेअरिंगला ग्रीस कधी आणि कसं भरावं? आमच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला ग्रीस पंप लावायची सोय आहे. चार दाबे मारले की झालं ना?

नाही. या एका सोयीने जितके ब्रेक बिघडवले, तितके खड्ड्यांनीही बिघडवले नसतील. पंपाने जोरात ग्रीस भरलं, की ते आतल्या सीलच्या ओठावरून निसटून ब्रेकच्या ड्रममध्ये जातं आणि घर्षणाच्या पट्ट्यांवर पसरतं. ग्रीस प्यालेली पट्टी धुऊन साफ होत नाही. ती फेकावी लागते, आणि एका बाजूचीच बदलून चालत नाही, त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांच्या पट्ट्या बदलाव्या लागतात. ब्रेक लावताना ट्रेलर एका बाजूला ओढत असेल, तर हे पहिलं कारण तपासा.

१२ महिने किंवा १२,००० मैल, यातलं जे आधी येईल तेव्हा हब उघडून बेअरिंग हाताने भरावं, असं अ‍ॅक्सल बनवणारे सांगतात. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाऊन आलात तर मैलांचा निम्म्याहून अधिक हिशोब एका उन्हाळ्यात भरतो, म्हणून परत आल्यावरची वेळ उत्तम. काम जमिनीवर, सपाट जागी करा. दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावू नका, ती वाकते. चौकटीखाली, स्प्रिंगच्या बांधणीजवळ लावा आणि वर उचलल्यावर खाली स्टँड द्या. जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही.

चाक काढलं की धूळ अडवणारी टोपी काढा, पिन सरळ करून ओढा, नट आणि वॉशर काढा. बाहेरचं बेअरिंग हातात येतं. मग ड्रम सरळ ओढून घ्या, मागचं सील उचकटा आणि आतलं बेअरिंग काढा. कोणतं बेअरिंग कोणत्या चाकाचं, ते मिसळू देऊ नका. ते हबमधल्या ज्या कड्यात फिरतात, त्याच्याशी त्यांची जोडी जुळलेली असते.

सगळं द्रावणाने धुऊन कोरडं करा. हवेच्या झोताने बेअरिंग गरागरा फिरवायचा मोह होतो, पण कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर खरवडतं आणि क्वचित तुटून उडतंही. रोलरवर आणि हबमधल्या कड्यावर निळसर झाक असेल तर ते तापलं होतं. बारीक खड्डे असतील तर पाणी शिरलं होतं. उभे ओरखडे असतील तर घाण किंवा धातूचा कण फिरत होता. यातलं काहीही दिसलं तर बेअरिंग आणि कडं दोन्ही एकत्र बदला. नुसतं बेअरिंग नवं घालून जुन्या कड्यावर ते टिकत नाही.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, घट्टपणाच्या श्रेणीत क्रमांक दोनचं, आणि आधीचं कोणतं आहे ते ठाऊक नसेल तर जुनं पूर्ण धुऊन टाका. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली तर पातळ होऊन वाहतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत जा, पलीकडून रोलरच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत. सील दर वेळी नवं. जुनं सील उचकटताना वाकतंच, ते पुन्हा ठोकून बसवण्यात काटकसर नाही.

आता नट. इथेच नवशिके चुकतात, घट्ट केला म्हणजे मजबूत झालं असं समजून. ड्रम हाताने फिरवत फिरवत नट सुमारे ५० फूट-पाउंडापर्यंत आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करा, ड्रम न फिरवता. त्यानंतर फक्त बोटांनी जितका घट्ट होईल तितका करा आणि पिन घाला. भोक जुळत नसेल तर नट पुढे नेऊ नका, किंचित मागे घ्या. बेअरिंगला जरा मोकळीक हवी, ते तापलं की फुगतं.

ड्रम हातात असतानाच विजेवर चालणाऱ्या ब्रेकचा चुंबकही बघा. त्याच्या तोंडावर झिजेच्या खुणेची बारीक छिद्रं असतात. ती पुसली गेली किंवा तोंड तिरकं झिजलं असेल तर चुंबक बदला. तार सुस्थितीत आहे का, हे मल्टिमीटरने कळतं: १० इंची ब्रेकच्या एका चुंबकाचा रोध सुमारे ३.२ ओहम भरतो. त्याहून फार कमी आला तर आत तार एकमेकींना लागली आहे, अनंत आला तर तुटली आहे.

चाक परत लावताना अर्ध्या इंची स्टडचे नट ९० ते १२० फूट-पाउंडापर्यंत, समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा: आधी २०-२५, मग ५०-६०, मग पूर्ण. चाक नवं बसवलं की १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. घरापाशी काम केलं असेल तर गावातल्या गावात एक फेरी मारून या. पुढच्या वर्षीच्या पहिल्या दिवशी महामार्गावर हे आठवेलच असं नाही.

प्रश्न: पुढच्या कोपऱ्यात भिंत दाबली की किंचित आत जाते. पाऊस मात्र कधी आत आलेला दिसला नाही.

पाणी दिसण्याची वाट बघितली तर लाकूड कुजलेलं असेल. मऊ लागलेला भाग हाच पुरावा आहे. टोकदार पिनांचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, त्याने त्या जागेपासून वर आणि दोन्ही बाजूंना मोजत जा. आकडा जिथे चढतो तिकडे मूळ. पाणी सहसा दिसणाऱ्या डागाच्या वरून, बऱ्याच अंतरावरून येतं.

हजारो मैल हादरे बसून चौकट पिळवटते, आणि त्याचा ताण पुढचा मुखवटा छताला जिथे भेटतो त्या सांध्यावर येतो. छतावर जाऊन तो सांधा, पंख्यांच्या चौकटी, नळ्यांची तोंडं आणि कोपऱ्यातले दिवे बघा. चीर केसाएवढी असली तरी पुरते. रबरी छतावर आडव्या जागी आपोआप पसरणारं लॅप सीलंट (फटी बुजवायचा लेप), उभ्या जागी न ओघळणारं. सिलिकॉन मात्र लावू नका. ते रबराला नीट चिकटत नाही आणि त्याच्यावर पुढे दुसरं काहीच चिकटत नाही, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीवाल्याला ते खरवडून काढण्यातच दिवस जातो. छत पुसायला पेट्रोलियमचं काही वापरू नका, ईपीडीएम जातीचं रबर त्याने फुगतं. मऊ झालेल्या भिंतीतली ओल मात्र वरून सीलंट थापून सुकत नाही. आतलं पॅनेल उघडून वाळवावं लागेल, आणि ते हिवाळ्याआधी.

प्रश्न: ट्रेलर गॅरेजच्या प्लगला लावला की तिथला सुरक्षा-सॉकेट लगेच उडतो. मुक्कामांवर कधी असं झालं नाही.

मुक्कामावरच्या ३० अँपिअरच्या खांबावर सहसा तशी संवेदनशील सुरक्षा नसते, म्हणून तिथे बिघाड लपून राहिला. घरचा जीएफसीआय सॉकेट काही मिलिअँपिअरची गळतीसुद्धा पकडतो.

ट्रेलरच्या पेटीतले सगळे ब्रेकर बंद करा, मुख्यसुद्धा, आणि प्लग लावा. टिकला तर मुख्य चालू करा, मग एकेक. ज्याने उडतो ती वाट दोषी, आणि नेहमीचा गुन्हेगार म्हणजे पाणी तापवायची विजेची कांडी. टाकी कोरडी असताना ती चालू राहिली की तडकते. सगळे ब्रेकर बंद असूनही उडत असेल तर गोंधळू नका: ब्रेकर फक्त गरम, म्हणजे वीज आणणारी, तार तोडतो, परतीची न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणजे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागलेत, किंवा वायरच्या टोकात पाणी आहे. आधी प्लग सुकवा, मग इतर.

घरी ट्रेलरसाठी वेगळा सॉकेट बसवणार असाल तर एक इशारा. तीन पायांचा ३० अँपिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. तो कपडे सुकवायच्या यंत्राच्या जुन्या सॉकेटसारखा दिसतो, आणि ट्रेलरचं काम न केलेला वायरमन सवयीने तिथे २४० व्होल्ट आणून सोडतो. प्लग लावताक्षणी आतली उपकरणं जळतात. लावण्याआधी मल्टिमीटरने स्वतः मोजा.

प्रश्न: पाण्याच्या नळ्यांना हिवाळ्यासाठी न गोठणारा गुलाबी द्रव किती लागतो? शेजारी म्हणतात सहा-आठ गॅलन.

शेजाऱ्यांनी गिझरला वळसा दिला नसावा. पाणी गिझर टाळून पुढे नेणाऱ्या वळशाच्या झडपा फिरवल्या की दोन ते तीन गॅलन पुरतात. न फिरवल्या तर पहिले सहा गॅलन गिझरच पितो.

गिझर आधी बंद करून थंड होऊ द्या, गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवा आणि मगच खालचा बोल्ट काढा. दाब असताना काढला तर उकळतं पाणी अंगावर येतं. पोलादी टाकीत त्या बोल्टाला मॅग्नेशियमची कांडी असते, टाकीऐवजी स्वतः गंजणारी. तीन चतुर्थांश खाल्ली गेली की बदला. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला साधा प्लास्टिकचा बोल्ट असतो, तिथे कांडी घालायची नसते.

मग पंपाने द्रव ओढा आणि सर्वांत लांबच्या नळापासून सुरुवात करून प्रत्येक नळातून, आधी थंड मग गरम, गुलाबी रंग येईपर्यंत सोडा. बाहेरचा शॉवर हटकून विसरला जातो, आणि वसंतात फुटलेला सापडतो तोच. प्रत्येक मोरीत कपभर ओता, म्हणजे खालच्या वळणातलं पाणी गोठणार नाही. शौचालयाच्या भांड्यातलं पाणी काढून तिथेही हाच द्रव ठेवा. गाडीच्या रेडिएटरचा द्रव चालत नाही, तो विषारी असतो. ट्रेलरसाठीचा गुलाबी द्रव प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो.

प्रश्न: फ्रिज रस्त्यात गॅसवर उत्तम चालला. घरच्या उतारावर उभा केल्यावर मात्र थंड होत नाही.

गॅसवर चालणारा फ्रिज अमोनियाच्या द्रवावर चालतो आणि त्यात पंप नसतो. द्रव उतारानेच परत वाहतो. ट्रेलर तिरका उभा असला की तो नळीत साचतो, तापतो आणि त्यातलं रसायन घट्ट होऊन नळी कायमची बुजते. सामान उतरवेपर्यंत फ्रिज बंदच ठेवा, बर्फाच्या पेटीत ठेवा सामान. पुढच्या वेळी चालू करायचा असेल तर आधी समपातळी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी. त्याला थंड व्हायला काही तास लागतात.

प्रश्न: बॅटरी ट्रेलरमध्येच ठेवावी की घरात आणावी?

शिशाची असेल तर पूर्ण चार्ज करून तार सोडवली की ट्रेलरमध्ये राहू शकते. भरलेली बॅटरी गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र २० अंश फॅरनहाइटच्या आसपास गोठते आणि पेटी तडकते. सगळे दिवे बंद असूनही गॅस-गळतीचा इशारा देणारं यंत्र आणि रेडिओ थोडी थोडी वीज पीत राहतात, म्हणून तार सोडवायची. काही तास स्थिर राहिल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. लिथियमची असेल तर साठवताना निम्म्याच्या थोडी वर ठेवा आणि ३२ अंश फॅरनहाइटखाली तिला चार्जर लावू नका. आणि ते गॅसचं यंत्र काढून मागची तारीख बघा. त्याला पाच ते सात वर्षांचं आयुष्य असतं, आणि मुदत संपलेलं यंत्र हिरवा दिवा दाखवत असलं तरी त्याच्यावर विसंबू नका.